सेंट्रिफ्यूज: साका बसण्यामागचे तत्त्व आणि यंत्राचा सुरक्षित वापर

गढूळ पाणी पेल्यात भरून ठेवले, तर वाळू काही क्षणांत तळाला जाते. पण चिकणमातीच्या दोन मायक्रोमीटर व्यासाच्या कणाला अवघे दहा सेंटिमीटर खाली उतरायला सुमारे आठ तास लागतात. त्याच कणावर गुरुत्वाच्या हजारपट ओढ लावता आली, तर हे अंतर तो अर्ध्या मिनिटात पार करतो. प्रयोगशाळेतील सेंट्रिफ्यूज हेच काम करते. ते नमुन्यात काही घालत नाही, नमुन्यातून काही गाळून काढत नाही. जे घटक आपोआप खाली बसणार होते, त्यांना ते लवकर बसवते. जे घटक एरवी कधीच बसले नसते, त्यांनाही ते खाली आणते, कारण प्रथिनांसारखे अतिसूक्ष्म कण उष्णतेमुळे द्रवात सतत इकडेतिकडे फेकले जात असतात आणि केवळ गुरुत्वाच्या जोरावर ते तळाशी स्थिरावत नाहीत. रोटरची (म्हणजे नळ्या धरून फिरणाऱ्या भागाची) निवड, वेग, वेळ, तापमान आणि ब्रेक यांविषयीचे सगळे निर्णय या एका गोष्टीतून निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

साका का बसतो

नळी वर्तुळात फिरते, तेव्हा तिच्यातील प्रत्येक थेंबाला वर्तुळावर टिकून राहण्यासाठी मध्याकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते. नळीच्या तळाकडे द्रवाचा दाब वाढत जातो आणि या वाढत्या दाबातूनच ते बल मिळते. मात्र ते मिळते द्रवाच्या घनतेपुरतेच. द्रवापेक्षा घन असलेल्या कणाला तेवढे बल पुरत नाही, म्हणून तो बाहेरच्या बाजूला, म्हणजे तळाकडे सरकत जातो. द्रवापेक्षा हलक्या कणाला ते गरजेपेक्षा जास्त होते आणि तो आत, वरच्या बाजूला येतो; रक्ताच्या नमुन्यात स्निग्ध पदार्थांचा थर वर तरंगताना दिसतो, तो यामुळेच. फिरत्या नळीच्या दृष्टीने पाहिले तर हाच परिणाम बाहेर ओढणाऱ्या अपकेंद्री बलासारखा दिसतो, आणि रोजच्या कामात आपण तीच भाषा वापरतो.

कण किती वेगाने खाली बसेल, हे चार गोष्टींवर ठरते: कणाचा व्यास, कण आणि द्रव यांच्या घनतेतील फरक, द्रवाची विष्यंदिता (म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा आतला विरोध) आणि लावलेले बल. यांपैकी व्यासाचा परिणाम वर्गाने होतो. व्यास निम्मा झाला की वेग चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि तेवढ्याच वेळात काम हवे असेल तर बल चौपट करावे लागते. द्रव थंड केला की त्याची विष्यंदिता वाढते आणि साका बसण्यास उशीर होतो, हेही लक्षात ठेवावे. सामान्य तापमानाला दहा मिनिटांत होणारे काम चार अंश सेल्सिअसला तेवढ्याच वेळात पुरे होईलच असे नाही.

फेरे आणि जी यांतील फरक

माझ्या मते सेंट्रिफ्यूजच्या वापरातील सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक म्हणजे कृतीच्या वहीत केवळ ‘३००० आरपीएमवर १० मिनिटे’ असे लिहून ठेवणे. मिनिटाला किती फेरे झाले, हे त्या एका यंत्रापुरतेच अर्थपूर्ण असते. कणावर प्रत्यक्ष किती ओढ पडली, हे फेऱ्यांबरोबरच रोटरच्या त्रिज्येवरही अवलंबून असते, आणि ही ओढ पृथ्वीच्या गुरुत्वाच्या पटीत, म्हणजे ‘जी’ या एककात सांगतात. ती काढण्याचे सूत्र सोपे आहे:

जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटरमध्ये) × फेरे × फेरे

८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला ३००० फेरे दिले, तर या सूत्राने सुमारे ८०५ जी मिळतात. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला तेवढेच फेरे दिले, तर सुमारे १६१० जी मिळतात. वहीतली नोंद एकच, पण बल दुप्पट. उलट दिशेने, दोन्ही यंत्रांवर १५०० जी हवे असतील, तर पहिल्याला सुमारे ४१०० आणि दुसऱ्याला सुमारे २९०० फेरे द्यावे लागतील. फेऱ्यांचा परिणामही वर्गाने होतो, त्यामुळे वेग दुप्पट केला की बल चौपट होते. ‘थोडे वाढवून पाहू’ म्हणून फिरवलेली कळ वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त बदल घडवते.

त्रिज्या मोजायची ती आसाच्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंत, नळी फिरताना जशी राहील त्या स्थितीत. ही कमाल त्रिज्या झाली. नळीतील द्रवाच्या वरच्या पातळीवर त्रिज्या कमी असल्यामुळे तिथे बलही कमी असते. तळ १५ सेंटिमीटरवर आणि वरची पातळी ७ सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या कणावर तळाच्या निम्म्याहूनही कमी ओढ असते. काही कृतींमध्ये सरासरी त्रिज्येवरचे बल दिलेले असते, काहींमध्ये कमाल त्रिज्येवरचे. कोणते दिले आहे ते पाहूनच आकडा घ्यावा, आणि स्वतः नोंद करताना जी, वेळ, तापमान, रोटर आणि ब्रेक या पाचही गोष्टी लिहाव्यात.

रोटर कोणता घ्यावा

झुलत्या बकेटच्या रोटरमध्ये नळ्या सुरुवातीला उभ्या लटकतात आणि वेग वाढला की आडव्या होतात. बल नळीच्या लांबीच्या दिशेने पडत असल्यामुळे साका तळाशी सपाट बसतो आणि थर नीट वेगळे दिसतात. रक्तातून सीरम किंवा रक्तद्रव वेगळा करणे, घनतेच्या थरांवर पेशी वेगळ्या करणे अशा कामांना हाच रोटर योग्य. मात्र त्यात सांधे आणि बकेट लटकवण्याचे आकडे असल्यामुळे तो फार मोठे बल सोसू शकत नाही, आणि कणांना नळीची पूर्ण लांबी ओलांडावी लागत असल्यामुळे वेळही जास्त लागतो.

स्थिर कोनाच्या रोटरमध्ये नळी साधारण २५ ते ४५ अंशांच्या कोनात पक्की बसते. कणाला नळीच्या बाहेरच्या भिंतीपर्यंतचे छोटे अंतरच कापावे लागते. भिंतीला टेकल्यावर तो तिच्यावरून घसरत तळाशी येतो. म्हणून जिवाणू, डीएनए किंवा प्रथिनांचा साका पटकन आणि घट्ट बसवायचा असेल, तर हा रोटर घ्यावा. साका तळाच्या मधोमध न बसता बाहेरच्या बाजूला बसतो. डीएनएचा साका पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही, त्यामुळे सूक्ष्म नळ्या ठेवताना सर्वांच्या झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला करून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. मग साका बिजागरीच्या खाली असणार हे ठाऊक असते आणि पिपेटचे टोक विरुद्ध भिंतीला लावून वरचा द्रव निर्धास्तपणे काढता येतो. उभ्या नळ्यांचे रोटरही असतात. त्यांचा उपयोग मुख्यतः अतिवेगवान यंत्रांवर घनतेच्या थरांतील विलगीकरणासाठी होतो.

नळी आणि नमुना

नळीवर किंवा तिच्या माहितीपत्रकावर ती किती जी सोसते हे दिलेले असते. ती मर्यादा यंत्राच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी असू शकते, आणि काचेच्या नळीची तर ती आणखी कमी असते. चरे, तडे किंवा पांढुरके डाग दिसणारी नळी वापरू नये. क्लोरोफॉर्म, फिनॉल यांसारखे द्रव काही प्लॅस्टिक विरघळवतात किंवा ठिसूळ करतात, म्हणून नळीचे प्लॅस्टिक कोणते ते आधी पाहावे. स्थिर कोनाच्या रोटरमध्ये नळी काठोकाठ भरली तर द्रव झाकणापाशी दाबला जातो आणि गळतो. उलट अतिवेगवान यंत्राच्या पातळ भिंतीच्या नळ्या अर्धवट भरल्या तर त्या चिरडतात. पहिल्या प्रकारात थोडी जागा सोडावी, दुसऱ्या प्रकारात उत्पादकाने सांगितलेल्या पातळीपर्यंत भरावे.

समतोल

या भागावर थोडे थांबतो, कारण यंत्राचे आणि माणसांचे नुकसान बहुतेक इथल्या हलगर्जीपणातून होते. ८.४ सेंटिमीटर त्रिज्येच्या छोट्या रोटरला १३,००० फेरे दिले, तर सुमारे १५,९०० जी निर्माण होतात. समोरासमोरच्या दोन नळ्यांच्या वजनात एका ग्रॅमचा फरक असेल, तर त्या वेगाला आसावर एका बाजूने जवळजवळ सोळा किलो वजनाची ओढ पडते आणि ती सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा दिशा बदलत राहते. रोटरची कड त्या वेळी ताशी चारशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावत असते.

समतोल वजनाने साधावा, डोळ्यांनी पाहिलेल्या पातळीने नव्हे. रक्ताची घनता पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे १० मिलिलिटर रक्ताच्या समोर १० मिलिलिटर पाणी ठेवले, तर साधारण अर्ध्या ग्रॅमहून अधिक फरक राहतो. साखरेचे किंवा क्षारांचे दाट द्रावण असेल तर फरक आणखी वाढतो. अशा वेळी समोरच्या नळीतही त्याच घनतेचा द्रव घ्यावा, कारण वजन सारखे असले तरी द्रवाची उंची वेगळी असेल तर त्याचा भार वेगळ्या त्रिज्येवर पडतो. नळ्या झाकणासह तराजूवर तोलाव्यात. झुलत्या रोटरमध्ये समोरासमोरच्या बकेट त्यांच्या आतील साच्यांसह सारख्या वजनाच्या असाव्यात, प्रत्येक बकेटच्या आतही नळ्यांची मांडणी मध्याभोवती सारखी असावी, आणि नमुने कमी असले तरी सर्व आकड्यांवर बकेट लावलेल्याच असाव्यात.

किती नळ्या कशा मांडता येतात, याचे गणित सुंदर आहे. सहा घरांच्या रोटरमध्ये दोन नळ्या समोरासमोर, तीन नळ्या एक घर सोडून एक, चार नळ्या दोन जोड्यांत आणि सहा नळ्या सगळ्या घरांत बसतात. पाच मात्र कोणत्याही मांडणीत समतोल राहत नाहीत आणि सहावी नळी पाण्याची भरावीच लागते. बारा घरांच्या रोटरमध्ये पाच नळ्या बसवता येतात: तीन नळ्या पहिल्या, पाचव्या आणि नवव्या घरात, उरलेल्या दोन दुसऱ्या आणि आठव्या घरात. चोवीस घरांच्या रोटरमध्ये केवळ एक आणि तेवीस या दोनच संख्या जमत नाहीत. अर्थात या सर्व मांडण्यांत प्रत्येक नळीचे वजन सारखे असणे गृहीत धरले आहे.

यंत्र चालवताना

आधी रोटर आसावर नीट बसला आहे आणि त्याचा मळसूत्री खिळा किंवा झाकण घट्ट आहे, याची हाताने खात्री करावी. थंड तापमानाला काम असेल तर रोटरही आधीच थंड करून घ्यावा. आतील हवा थंड झाली म्हणून धातूचा जड रोटर लगेच थंड होत नाही. रोटरचा क्रमांक यंत्रात भरायचा असेल तर तो बरोबर भरावा, कारण कमाल वेगाची मर्यादा आणि जीचा हिशोब यंत्र त्यावरूनच करते. त्यानंतर बल, वेळ, तापमान, वेग वाढण्याची गती आणि ब्रेक ठरवावे. बहुतेक आधुनिक यंत्रांत वेळेची मोजणी ठरवलेला वेग गाठल्यावर सुरू होते, काहींमध्ये कळ दाबताच. आपल्या यंत्रात काय होते ते एकदा तपासून यंत्रावर लिहून ठेवावे.

कळ दाबून लगेच निघून जाऊ नये. असमतोलाची थरथर आणि घरघर वेग वाढत असतानाच जाणवते, म्हणून ठरवलेला वेग गाठेपर्यंत यंत्राजवळ थांबावे. आवाज वेगळा वाटला तर तत्काळ थांबवावे. असमतोल ओळखणारी यंत्रणा बहुतेक यंत्रांत असते. पण ती शेवटचा आधार आहे, तिच्या भरवशावर नळ्या न तोलणे योग्य नाही. रोटर पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये आणि फिरता रोटर हाताने कधीही थांबवू नये.

ब्रेकविषयी एक गोष्ट वारंवार दुर्लक्षित राहते. घट्ट साक्याला जोरदार ब्रेकने फारसे काही होत नाही; पण जिथे थरांची रचना जपायची आहे, तिथे अचानक थांबण्याने द्रवात भोवरे उठतात आणि अर्ध्या तासाची मेहनत काही सेकंदांत ढवळली जाते. अशा कामात ब्रेक बंद ठेवावा आणि रोटर आपोआप थांबू द्यावा.

कोणत्या कामाला किती बल

सीरमसाठी साध्या नळीतील रक्त आधी ३० ते ६० मिनिटे उभे ठेवून पूर्ण गोठू द्यावे आणि मग साधारण १००० ते १५०० जीवर दहा मिनिटे फिरवावे. गोठणे अपुरे राहिले तर सीरममध्ये फायब्रिनचे तंतू राहतात आणि ते तपासणी यंत्राच्या सुईत अडकतात. पेशी वेगळ्या करण्याआधी रक्त शीतकपाटात ठेवू नये. थंडीत तांबड्या पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि अहवालात ते खोटेच वाढलेले दिसते. जेल असलेली नळी एकदा फिरवल्यावर पुन्हा फिरवण्याचा मोहही टाळावा, कारण जेलखालचा पेशींच्या सान्निध्यात राहिलेला द्रव वर येतो आणि तोच दोष निर्माण होतो. रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी प्लेटलेट जवळजवळ नसलेला रक्तद्रव लागतो, त्यासाठी सर्वसाधारणपणे १५०० जीवर १५ मिनिटे देतात. लघवीतील पेशी आणि स्फटिक पाहण्यासाठी ४०० जीवर पाच मिनिटे पुरतात. जास्त बल लावले तर कास्ट म्हणतात त्या नाजूक, नळीच्या आकाराच्या रचना मोडतात.

लसिकापेशी (लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळ्या करण्याची कृती घनतेच्या वापराचे उत्तम उदाहरण आहे. १.०७७ घनतेच्या द्रावणावर पातळ केलेले रक्त हलक्या हाताने थर मोडू न देता ओततात आणि झुलत्या रोटरमध्ये सुमारे ४०० जीवर ३० मिनिटे, ब्रेक बंद ठेवून फिरवतात. तांबड्या पेशी आणि कणयुक्त पांढऱ्या पेशी या द्रावणापेक्षा घन असल्यामुळे खाली जातात. लसिकापेशी हलक्या असल्यामुळे दोन द्रवांच्या सीमेवर पांढुरक्या ढगासारख्या थांबतात आणि पिपेटने तेवढ्याच उचलता येतात.

वाढवलेल्या प्राणिपेशी २०० ते ३०० जीवर पाच मिनिटांत बसतात; त्याहून जास्त बलाने त्या दुखावतात. जिवाणूंना ४००० ते ५००० जी आणि दहा मिनिटे द्यावी लागतात. अल्कोहोलने अवक्षेपित केलेल्या डीएनएसाठी १२,००० जी किंवा त्याहून अधिक बल वापरतात.

पेशी फोडून तिचे घटक वेगळे करायचे असतील, तर एकाच द्रवाला टप्प्याटप्प्याने वाढते बल देतात. सुमारे १००० जीवर केंद्रके खाली बसतात. वरचा निवळ द्रव दुसऱ्या नळीत घेऊन १०,००० जीच्या आसपास फिरवला की तंतुकणिका मिळतात. पुन्हा निवळ घेऊन १,००,००० जीवर तासभर फिरवला की आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे हाती येतात. प्रत्येक टप्प्याचा साका पूर्ण शुद्ध नसतो, कारण तळाजवळ असलेले छोटे कणही मोठ्यांबरोबर बसतात. साका पुन्हा द्रवात मिसळून पुन्हा फिरवला की शुद्धता वाढते. या पद्धतीने केलेल्या कामातूनच क्रिस्तियान द दुव यांना १९५५ च्या सुमारास लयकारिका सापडल्या, आणि पेशींच्या रचनेवरील संशोधनासाठी त्यांना आल्बेर क्लोद व जॉर्ज पलाडे यांच्यासह १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच्याही पुढचे क्षेत्र अतिवेगवान सेंट्रिफ्यूजचे. स्वीडनचे थिओडोर स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात हे यंत्र विकसित केले. त्यांना १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि कण किती वेगाने बसतो हे सांगणाऱ्या एककाला त्यांचेच नाव आहे. जिवाणूंच्या रायबोसोमला ७० एस म्हणतात ते या एककावरून. त्याचे दोन भाग ५० एस आणि ३० एस असतात. त्यांची बेरीज ७० होत नाही, कारण बसण्याचा वेग वस्तुमानाबरोबर आकारावरही ठरतो. १९५८ मध्ये मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए फिरवून जड आणि हलक्या नायट्रोजनचे रेणू वेगळ्या पट्ट्यांत उभे केले. नव्या डीएनएमध्ये एक धागा जुना आणि एक नवा असतो, याचा पुरावा त्या पट्ट्यांनी दिला. असे दाट द्रावण वापरताना रोटरचा कमाल वेग कमी करावा लागतो. रोटरची मर्यादा १.२ घनतेसाठी ठरवलेली असेल आणि द्रावण १.७ घनतेचे असेल, तर कमाल वेगाच्या सुमारे ८४ टक्क्यांपर्यंतच जाता येते.

नळी फुटली तर

संसर्गजन्य नमुना फिरत असताना नळी फुटली, तर सर्वांत मोठा धोका हवेत उडालेल्या अतिसूक्ष्म तुषारांचा असतो. यंत्र बंद करावे, झाकण न उघडता ३० मिनिटे थांबावे आणि मगच जाड हातमोजे व योग्य मुखपट्टी घालून काम सुरू करावे. काचेचे तुकडे चिमट्याने उचलावेत, बोटांनी नव्हे. क्षयरोगाच्या थुंकीसारखे नमुने पहिल्यापासूनच घट्ट झाकणाच्या बकेटमध्ये फिरवावेत आणि ती बकेट जैवसुरक्षा कपाटातच उघडावी. बकेटला झाकण असूनही ती यंत्रापाशीच उघडली, तर झाकणाचा उपयोग उरत नाही.

रोटरची निगा

ॲल्युमिनियमचा रोटर भक्कम दिसतो, पण क्षारांचा एक वाळलेला थेंब त्याला आतून पोखरू शकतो. ब्लीचने तो गंजतो. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीच वापरावेच लागले, तर रोटर लगेच भरपूर पाण्याने धुवावा. रोजच्या सफाईला सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. तारेचा ब्रश वापरला की वरचा संरक्षक थर खरवडला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. धुतलेला रोटर कोरडा करून, घरांची तोंडे खाली करून ठेवावा, म्हणजे तळाशी ओल साचत नाही. झुलत्या रोटरच्या खुंट्यांना सांगितलेले वंगण लावत राहावे, नाहीतर एखादी बकेट अर्धवट उचलली जाते आणि तोललेल्या नळ्याही असमतोल होतात.

१९९८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एका अतिवेगवान सेंट्रिफ्यूजचा रोटर चालू असताना फुटला. कोणाला इजा झाली नाही, पण यंत्राचे आणि खोलीचे मोठे नुकसान झाले. म्हणूनच अतिवेगवान रोटरचा प्रत्येक वापर नोंदवहीत लिहावा: तारीख, वेग, वेळ, द्रावण आणि वापरणाऱ्याचे नाव. उत्पादकाने सांगितलेली वापरांची संख्या किंवा वर्षे पूर्ण झाली की रोटर वरून कितीही चांगला दिसत असला तरी वापरातून काढावा. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही. घरांच्या तळाशी टॉर्चच्या उजेडात एखादा खड्डा, चीर किंवा पांढरी भुकटी दिसली, तर त्या दिवसापासून तो रोटर यंत्रावर चढवू नये आणि त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवावे.